वाळूवरची पावले

वाचकहो, आपल्या घरात अंथरुणाला खिळलेले कोणी नसेल, पण घराला खिळलेले कोणी असेल, तर आजची ही हकीकत आपल्यासाठी आहे. आणि त्या व्यक्तीला घराला खिळवून ठेवण्यात आपल्या प्रेमाचाही थोडा हात असेल, तर ती मुख्यतः आपल्यासाठीच आहे. कारण तसा हात माझाही होता.

आम्ही दोघे बदलापूरला, कुळगावात राहतो. माझे वय त्र्याहत्तर, पत्नीचे एकोणसत्तर. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत मी चौतीस वर्षे नोकरी केली. पत्नी शाळेत शिक्षिका होती. सहा वर्षांपूर्वी तिचे अक्षर बारीक होऊ लागले. वाणसामानाची यादी पहिल्या ओळीत नीट असायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत मुंगीएवढी व्हायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे आम्ही समजलो. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला, बोटांना कंप सुटला आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी निदान केले : पार्किन्सन्स. मेंदूतील डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि हालचालींचा ताल बिघडतो. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. परंतु कंप हे त्याचे एक लक्षण झाले. मंदावलेली हालचाल, ताठरपणा, क्षीण होत जाणारा आवाज, बद्धकोष्ठता आणि चालता चालता पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होणे, ही त्याची इतर रूपे घरातल्यांना अधिक छळतात.

पहिली चार वर्षे बरी गेली. मग एका पहाटे ती न्हाणीघरात पडली आणि डावे मनगट मोडले. हाड सहा आठवड्यांत सांधले. माझे मन मात्र सांधले नाही. त्या दिवसापासून मी तिला एकटीला उठू देईना. चहाचा कप मी धरायचा, गुंड्या मी लावायच्या, भाजी मी चिरायची. फाटकापर्यंतचे फिरणे बंद झाले. कोणी विचारले, की मी अभिमानाने सांगत असे, "मी तिला तसूभरही त्रास होऊ देत नाही." दीड वर्ष असेच गेले. त्या दीड वर्षात तिचे बोलणे जवळजवळ थांबले. आजार वाढला असेल, असे मी समजत होतो.

एक मागणी

एके दिवशी दूरचित्रवाणीवर कोकणातल्या कासवांविषयी काही लागले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात ठाऊक असलेले. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी गावकरी राखतात आणि अंड्यातून निघालेली पिल्ले समुद्रात सोडतात, असे ते दृश्य होते. पत्नीने खूप दिवसांनी मान वर केली आणि म्हणाली, "अहो, मला हे बघायचंय."

मी हसून विषय टाळला. दुसऱ्या दिवशी तिने तेच सांगितले. तिसऱ्या दिवशी तिने एका कागदावर लिहून कागद माझ्या हातात दिला. अक्षर इतके बारीक होते, की वाचायला मला भिंग घ्यावे लागले : "तुम्ही नाही नेलंत तर मी बसने जाईन." ती बसने जाऊ शकणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. पण हे वाक्य लिहिणारी बाई मी दीड वर्षात पाहिली नव्हती. मार्चमध्ये जायचे ठरले.

तयारीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा प्रवासाचे निम्मे यश त्यातच असते. डॉक्टरांना विचारले. त्यांनी गोळ्यांचे वेळापत्रक लिहून दिले आणि बजावले, की या आजारात लेव्होडोपाची गोळी ही घड्याळावर चालणारी गोष्ट आहे. प्रवासात जेवण मागे-पुढे झाले तरी गोळी मागे-पुढे होता कामा नये. दुसरी सूचना त्याहून मोलाची होती. घाटात मळमळते म्हणून वाटेतल्या दुकानातून उलटीची कोणतीही गोळी घ्यायची नाही. मेटोक्लोप्रमाइडसारखी सर्रास मिळणारी औषधे डोपामिनचे काम अडवतात आणि पार्किन्सन्सची लक्षणे वाढवतात. अशा रुग्णाला चालणारे औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

गाडी भाड्याची घेतली. चालक अंबरनाथचाच एक तरुण मुलगा होता. गाडी उंच, म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून एक भक्कम, बुटके पाटासारखे स्टूल करून घेतले. तिथल्याच एका शिंप्याने तिच्या चार कुडत्यांच्या गुंड्या काढून त्या जागी चिकटपट्ट्या शिवून दिल्या. आसनावर गुळगुळीत साटीनचे कापड अंथरले, म्हणजे बसल्यावर दोन्ही पाय आत वळवताना शरीर सहज फिरते. गोळ्यांच्या दोन पिशव्या केल्या, एक माझ्याजवळ आणि एक तिच्या पर्समध्ये. एक हरवली तरी दुसरी राहावी.

पहिला दिवस : माझी चूक

सकाळी साडेसहाला निघालो. कर्जत, खोपोली, पेण, अलिबाग आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. तरुणांना चार-पाच तासांचे. आम्ही नऊ तास घेतले. दर तासाला उतरायचे, दहा पावले चालायचे, पाणी प्यायचे, असा नेम होता. वृद्ध माणसे प्रवासात लघवीच्या धास्तीने पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठता वाढते आणि उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणून पाणी कमी करण्याऐवजी आम्ही थांबे वाढवले. पेट्रोल पंप, एसटी स्थानक, ओळखीपाळखीची घरे यांची यादी चालकाने आधीच केली होती.

रेवदंड्यापुढे समुद्र दिसू लागला. काशिदच्या सुरूच्या बनापाशी आम्ही थांबलो. एक घार वाऱ्यावर अंग टाकून तरंगत होती. अंग विटकरी, डोके आणि छाती शुभ्र. ही ब्राह्मणी घार. पत्नीने दुर्बीण मागितली. हाताच्या कंपामुळे दुर्बिणीत आकाश नुसते थरथरत होते. मी लगेच म्हणालो, "दे, मी बघून सांगतो तुला." तिने दिली नाही. चालक मुलाने मागच्या आसनावरची उशी काढून खिडकीच्या काठावर ठेवली आणि म्हणाला, "काकू, कोपरं हिच्यावर टेकवा." दुर्बीण स्थिर झाली. ती घार तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. इतके सोपे उत्तर मला का सुचले नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

मुरूडला पोहोचताच तिला भूक लागली. ताजे पापलेट होते. मी कौतुकाने भरपूर खाऊ घातले आणि घाईत गोळीही जेवणाबरोबरच दिली. ही माझी चूक. प्रथिनयुक्त अन्न आणि लेव्होडोपा यांची आतड्यातून रक्तात जाण्याच्या वाटेवर स्पर्धा होते. काही रुग्णांना हे विशेष जाणवते, आणि माझी पत्नी त्यांपैकी एक आहे. घरी मी गोळी जेवणाआधी अर्धा तास देत असे. त्या दुपारी गोळीचा परिणामच झाला नाही. संध्याकाळी ती खोलीत पुतळ्यासारखी बसून होती, चेहऱ्यावर भाव नाही, तोंडातून शब्द नाही. मला वाटले, संपले. उद्या परत फिरावे. रात्री आठची गोळी वेळेवर, उपाशीपोटी दिली. पाऊण तासाने ती म्हणाली, "उद्या परत जायचं म्हणाल, तर मी गाडीत बसणार नाही."

फणसाड आणि खाडी

मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. इथल्या पाणवठ्यांना स्थानिक लोक 'गाण' म्हणतात, आणि फणसाडचे गाण यावरूनच अभयारण्याला नाव मिळाले. आत दूरवर चालणे आम्हाला शक्य नव्हते. प्रवेशद्वाराच्या आसपास झाडाखाली घडीच्या खुर्च्या मांडून आम्ही तासभर नुसते बसलो.

वाचकहो, बसून राहण्याचे एक बळ असते, ते त्या तासाने मला दाखवले. चालणाऱ्यांचे दोन गट गप्पा मारत आत गेले आणि काहीच दिसले नाही म्हणून परतले. आमच्या डोक्यावर मात्र आधी खडखडाट झाला, मग पाने खाली पडली आणि मग तांबूस, झुबकेदार शेपटीचा एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावला. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी आम्ही पाठ्यपुस्तकात शिकवला आणि शिकला. पाहिला तो आता. ज्या संथपणाची घरी आम्हाला लाज वाटे, तोच इथे उपयोगी पडला. प्राणी-पक्षी बघायला वेग लागत नाही. गप्प बसता यावे लागते, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णाला ते आपसूक येते. ती हे स्वतःच म्हणाली आणि हसली. मी तिचा हसरा चेहरा बघत राहिलो, तोवर शेकरू निघून गेला.

आगरदांडा ते दिघी हा खाडीचा टप्पा फेरीबोटीने ओलांडायचा असतो. गाडी बोटीत चढते, माणसे पायी चढतात. धक्का आणि बोट यांच्यामध्ये लोखंडी फळी असते. त्या फळीच्या कडेपाशी पत्नीचे पाय थिजले. मागे माणसे, मोटारसायकली, हॉर्न. मी घाबरून तिचा दंड धरून ओढला. हे कधीही करू नये. पाय जागच्या जागी आणि धड पुढे, अशाने रुग्ण तोंडावर पडतो. ती पडता पडता वाचली, ती मागे उभ्या असलेल्या एका कोळणीमुळे. डोक्यावर पाटी असूनही त्या बाईने एका हाताने तिला सावरले आणि मागच्या मोटारसायकलवाल्याला असा आवाज दिला, की हॉर्न बंदच झाला. मग पत्नीला म्हणाली, "दमानं, आजी. बोट काय तुम्हाला टाकून जात नाय."

अंबरनाथच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलेली युक्ती पत्नीलाच आठवली. थिजल्यावर पुढे रेटायचे नाही. थांबायचे, एक श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचे आणि समोरची एखादी रेघ ओलांडायची आहे असे मनात धरून पाऊल उंच उचलायचे. फळीच्या कडेची रेघ समोर होतीच. ती स्वतःशी "एक, दोन" म्हणाली आणि ओलांडून गेली. माझा हात तिच्या दंडावर नव्हता.

बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागला. मध्य आशियातील उंच पठारांवरच्या जलाशयांकाठी घरटी करणारे तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. मार्च सुरू झाला की त्यांची पांढरी डोकी तपकिरी होऊ लागतात. परतीचे दिवस आल्याची ती खूण. लोक त्यांना तळलेले खारट पदार्थ फेकत होते. तसे करू नये. ते त्यांचे अन्न नव्हे. पत्नीने शेजारच्या मुलाला हे जुन्या शाळेतल्या आवाजात सांगितले. आवाज क्षीण होता, पण त्या मुलाने पुडा खाली घेतला.

दिवेआगरहून आरावी, कोंडिवली, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला अगदी लगटून जातो. मैलभर अंतर कापायला आम्ही अर्धा तास लावला. वाटेत एका कुंपणावर वाळलेल्या, केसाळ शेंगांची वेल दिसली. खाजकुहिली. अंगाला लागली तर खाजवून जीव नको होतो. हिच्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते, आणि आयुर्वेदात त्या फार पूर्वीपासून वापरल्या जातात. म्हणूनच एक सावधगिरीचा शब्द : आधीच गोळ्या चालू असताना कोणी सांगितले म्हणून या बियांचे चूर्ण वरून घेऊ नये. एकाच औषधाची मात्रा नकळत दुप्पट होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नको.

वेळास

हरिहरेश्वरी मुक्काम करून तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडली, वेसवीला उतरलो आणि वेळासला पोहोचलो. गावात घरोघरी पाहुण्यांची सोय होते. आम्ही उतरलो त्या घरच्या वहिनींनी न सांगता न्हाणीघरात खुर्ची ठेवली आणि ओली फरशी पुसून कोरडी केली.

या गावाची कथा थोडक्यात सांगतो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा बघायला येत नाही. "निदान व्हिडिओ कॉल तरी करायचा," पत्नी म्हणाली. आमचा मुलगा परदेशी असतो. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे वन विभाग आणि ग्रामपंचायत यांच्या साथीने ते रुजले. रात्री-पहाटे किनारा धुंडाळून सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणाआड, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. गावातून तिथवर बरेच चालावे लागते. नेहमीच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटे; आम्हाला चाळीस लागली. सुरूच्या बनात एका उंच झाडावर काटक्यांचे भले मोठे घरटे होते आणि शेजारी पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसला होता. ही जोडी वर्षानुवर्षे तेच घरटे वापरते आणि दरसाल त्यात नव्या काटक्यांची भर घालते, असे बरोबरच्या स्वयंसेवकाने सांगितले. पुढे कुंपणातल्या टोपल्या उचलून पाहिल्या. एकाही खड्ड्यात पिल्लू नव्हते. जमलेले लोक हिरमुसले. पत्नी म्हणाली, "उद्या सकाळी परत येऊ." परतीची चाळीस मिनिटे आणि सकाळची चाळीस मिनिटे मी मनात मोजली आणि गप्प राहिलो.

पहाटे पाचला तिची गोळी दिली. सातच्या आत किनारा गाठला. तिसरी टोपली उचलली, तर खाली वाळू हलत होती. काळपट, तळहातावर सहज मावतील अशी चौदा पिल्ले. स्वयंसेवकांनी ती पाण्यापासून काही अंतरावर, ओल्या वाळूवर सोडली. बघणाऱ्यांनी दोरीच्या मागे उभे राहायचे, दिवा लावायचा नाही, हात लावायचा नाही.

पिल्ले निघाली. चार वल्हवणे, मग थांबणे. पुन्हा चार. लाट यायची आणि पुढे गेलेल्याला परत मागे आणून टाकायची. एक पिल्लू पावलाच्या ठशात अडकले आणि उलटे झाले. शेजारचा लहान मुलगा कळवळून म्हणाला, "काका, त्याला उचलून पाण्यात टाका ना!" मलाही अगदी तेच म्हणायचे होते. स्वयंसेवक शांतपणे म्हणाला, "थोडं थांब. त्याला चालू दे. ही वाळू त्याच्या लक्षात राहायला हवी." पिल्लू स्वतःच्या पायांनी वाळूवरून जाते, तेव्हा त्या किनाऱ्याची ओळख त्याच्यात ठसते आणि वयात आलेली मादी अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे येते, असे अभ्यासक मानतात. कुत्रे-कावळे यांना मात्र तो स्वयंसेवक पळभरही जवळ येऊ देत नव्हता. पिल्लू पाय झाडत राहिले, कडेवर वळले आणि सरळ झाले.

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. समुद्राकडे बघत ती म्हणाली, "बघितलंत? राखण करतात, पण उचलत नाहीत."

मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी खूप करता. पण दीड वर्षात मी एक कप चहा केला नाही. मी पडेन म्हणून तुम्ही घाबरता, ते कळतं मला. मीही घाबरते. पण पडले नाही तरी मी संपतेच आहे, अहो."

वाचकहो, सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असे काही सुनावले नव्हते. मला आधी रागच आला. रात्री चार वेळा उठणारा मी, आणि हे ऐकायचे? राग ओसरायला परतीची चाळीस मिनिटे पुरली नाहीत. दुपारपर्यंत मी तिच्याशी नीट बोललो नाही, हेही कबूल करतो. सेवा करणाऱ्याला कृतज्ञतेची सवय लागते. सत्य ऐकले की त्याला ती कृतघ्नता वाटते. दुपारी वहिनींनी सोलकढी आणली. मी सवयीने वाटी तिच्या ओठांशी नेली आणि वाटेतच थांबलो. वाटी तिच्यासमोर ठेवली. तिने दोन्ही हातांनी उचलली. थोडी सांडली, बाकीची प्यायली.

परतीच्या वाटेवर

परतताना श्रीवर्धनहून म्हसळा-माणगाव रस्त्याने आलो. म्हसळा तालुक्यातील चिरगाव गिधाडांच्या घरट्यांसाठी ओळखले जाते. आम्हाला रस्त्यावरून गिधाड दिसले नाही. पण त्यांची गोष्ट आपल्या औषधांच्या डब्याशी जोडलेली आहे, म्हणून सांगतो. भारतातील गिधाडे थोड्याच वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. कारण २००४ साली उजेडात आले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. गुडघेदुखीसाठी आपण सहज घेतो ती हीच गोळी. वृद्ध माणसाच्या मूत्रपिंडांनाही ती अपाय करू शकते. गाडीतल्या माझ्या पिशवीतही तिची एक पट्टी होती, आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती. घरी आल्यावर मी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि ती गोळी सोडली.

घरी

आता आमच्या घरी काय बदलले ते सांगतो. आजार बदललेला नाही. तो हळूहळू पुढेच जाणार आहे. न्हाणीघरात दोन दांडे आणि एक खुर्ची बसवली, निसरडी फरशी बदलली, पायपुसणी काढून टाकली, रात्रीचा दिवा लावला. म्हणजे कुत्रे-कावळे हाकलण्याचे काम केले. उंबरठ्यांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे ओलांडायला रेघ दिसते. आणि रोज सकाळी, गोळीचा परिणाम सुरू झाला की, चहा ती करते. पातेले हलके आहे, ओट्याजवळ खुर्ची आहे, आणि गरम पातेले उतरवायला मी जातो, एवढाच करार आहे. चहाला पंचवीस मिनिटे लागतात. ती पंचवीस मिनिटे मी बाहेरच्या खोलीत बसतो. आत काही पडल्याचा आवाज आला, की मी अर्धा उठतो आणि "काही नाही, चमचा आहे" असे ऐकू आले की पुन्हा बसतो. दिवसातले सर्वांत कठीण काम ते असते. ती पुन्हा पडू शकते, हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. ते आम्ही दोघांनी मिळून स्वीकारले आहे. पूर्वी ते मी एकट्याने तिच्या वतीने नाकारत होतो.

आपणही आपल्या माणसाला बाहेर न्या. वेळास दूर वाटले तर बारवीच्या वाटेवर न्या, उल्हास नदीच्या काठी न्या, अंबरनाथच्या शिवालयाच्या पायऱ्यांशी नुसते बसवून आणा. ३१ तारखेच्या औषधांच्या बिलाइतकेच हेही आवश्यक समजा. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, गोळीची वेळ राखा, दिवसाचा प्रवास निम्मा ठरवा, पाणी तोडू नका, थिजलेल्या माणसाला ओढू नका. आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्याला विचारा, "तुला काय करायचंय?" उत्तर यायला वेळ लागेल. या आजारात शब्दही पावलांसारखेच उशिरा निघतात. ते येईपर्यंत थांबा. मधेच आपण वाक्य पूर्ण करू नका.

कालच तिने पुन्हा एक कागद दिला. अक्षर तसेच बारीक. लिहिले आहे : "पुढच्या वर्षी आंजर्ले. तिथेही कासवं असतात." खाली एक ओळ आणखी आहे : "स्टूल जपून ठेवा."

स्टूल माळ्यावर होते. आज सकाळी मी ते खाली काढून पुसून ठेवले आहे.